लिंबाचा रस आणि चुकलेला कोड

जालना मोसंबीचं गाव, पण आमचा माल कागदी लिंबाचा आटवलेला रस. मे महिन्यात शेडमध्येच रिफ्रॅक्टोमीटरच्या (रसातली साखर मोजायचं यंत्र) काचेवर दोन थेंब टाकले, ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या साखरेसारख्या घन पदार्थांची टक्केवारी, १९.२. बिलावर कस्टम्ससाठी मालाचा कोड २००९३१ लिहिला. तो कोड २० ब्रिक्सपर्यंतचा. प्रयोगशाळेत मात्र २०.४ भरलं! डोकंच फिरलं.

मग कळलं, कस्टम्सला आकडा २० अंश सेल्सिअसवरचा लागतो आणि आमचा रस होता ३६ वर. रस गरम असला की रीडिंग कमी येतं, त्यात आमचं यंत्र जुनं, तापमानाचा फरक आपोआप धरून आकडा न सुधारणारं. नमुना नि यंत्र दोन्ही गार करून पुन्हा मोजलं: २०.३. कोड २००९३९ केला, म्हणजे २० ब्रिक्सच्या वरचा. संत्र्याचा रस असता तर गोठवलेला की नाही, हेही बघावं लागलं असतं. लिंबाला ती कटकट नाही.