पोरगं ‘का’ विचारतंय? पुस्तक घ्यायच्या आधी हे वाचा

तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात किरणोत्सवाला, म्हणजे मावळतीचं ऊन थेट देवीच्या मूर्तीपर्यंत येतं ते बघायला, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात गेलो होतो. तुफान गर्दी, आमचं बारकं तेव्हा सात वर्षांचं, खांद्यावर बसलेलं, आणि मावळतीचं ऊन आत आत सरकतंय तेवढ्यात वरून प्रश्न आला, "पप्पा, हे रोज का होत नाही?" मी म्हटलं देवीची कृपा बाळा. तर म्हणतंय, मग देवी काय नोव्हेंबरात आणि जानेवारीतच कृपा करते काय? मागं उभ्या असलेल्या एक आज्जी हसल्या, मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन ते ‘हजारो प्रश्नांची उत्तरं’ टाईपचं जाडजूड पुस्तक आणलं. साडेचारशे रुपये, गुळगुळीत कागद, कव्हरवर डायनासोर आणि रॉकेट शेजारी शेजारी. आत शहामृग किती जोरात पळतं, आयफेल टॉवर किती उंच, सगळं होतं, पण सूर्य रोज एकाच जागी का मावळत नाही ते नव्हतं. पोराने दोन दिवस चित्रं बघितली आणि तिसऱ्या दिवशी ते पुस्तक कॅरम समतल करायला एका पायाखाली गेलं. तिथून पुढं मी जे काय शिकलो ते लिहितोय, कारण पुस्तक कुठलं घेऊ असं मला आता दर महिन्याला कोण ना कोण विचारतं.

तर पुस्तक घेऊच नका, आधी वही घ्या. दोनशे पानी साधी वही, फ्रिजवर ठेवायची, शेजारी पेन दोरीने बांधून (नाहीतर पेन गायब होतंच). पोराने प्रश्न विचारला की त्याच्याच शब्दांत लिहायचा, तारीख टाकायची, आणि भाषा अजिबात सुधारायची नाही. "पाल भिंतीवर चिकटते मग तिचा पाय उचलतो कसा" हे असंच लिहायचं, त्याचं "पालीच्या पायाची रचना" करायचं नाही. महिनाभराने वही चाळली की लगेच कळतं पोरगं कशाच्या मागं आहे. आमच्याकडं पहिल्या महिन्यात निम्म्याच्या वर प्रश्न पाऊस, नदी आणि ढगांचे निघाले, आणि मी बावळट अवकाशाची पुस्तकं शोधत होतो. सगळ्या जगाची माहिती एका पुस्तकात कोंबलेली असली की प्रत्येक प्रश्नाला चार ओळी मिळतात, आणि चार ओळींत कुठल्याच पोराचं पोट भरत नाही. त्यापेक्षा एकाच विषयाचं चाळीस पानी पातळ पुस्तक शंभर रुपयांत येतं आणि ते झिजेपर्यंत वाचलं जातं.

आता दुकानात गेल्यावर काय करायचं. मी उभ्या उभ्या तीन-चार ठरलेली पानं उघडतो, पाच मिनिटांचं काम आहे, दुकानदार बघतो जरा वाकड्या नजरेने पण बघू दे. पहिलं म्हणजे ग्रह किती लिहिलेत. प्लूटोला २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रह केलं, त्यामुळं नऊ ग्रह लिहिले असतील तर आतला मजकूर त्याच्या आधीचा आहे, पहिल्या पानावर नवीन आवृत्ती म्हणून कालपरवाचं साल का छापलेलं असेना. मग उन्हाळा का येतो ते बघायचं. "पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून" असं दिसलं की पुस्तक जागेवर ठेवा, कारण पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, म्हणजे आपण स्वेटर घालून रंकाळा तलावावर फिरतो तेव्हा. आणि जुलैत असते १५ कोटी २१ लाखांवर. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून. जिभेचा तो नकाशा पण बघतो मी, टोकाला गोड, मागं कडू वगैरे. तो चुकीचा आहे हे घरात चिमूटभर साखर जिभेच्या मागच्या बाजूला ठेवून पोरगंसुद्धा दाखवून देतं.

पण माझी खरी परीक्षा सापाच्या पानावर असते. आपल्याकडं नागपंचमी, जवळच त्यासाठी प्रसिद्ध असलेलं बत्तीस शिराळा, त्यामुळं प्रत्येक घरात सापाबद्दल दहा गोष्टी आधीच ऐकलेल्या असतात. साप दूध पितो असं जे पुस्तक सांगेल ते तर गेलंच. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचं अन्न, सापाच्या आयुष्यात दुधाचा संबंधच येत नाही, आणि बशीतलं दूध पिताना दिसतो तो बहुतेक तहानलेला असतो. याच्या पुढची गंमत अशी की बऱ्याच चांगल्या पुस्तकांतसुद्धा "साप पूर्ण बहिरा असतो" असं बिनधास्त लिहिलेलं असतं. बाहेरून कान नसतात हे बरोबर, पुंगीवर डोलतो तो आवाजावर नाही तर पुंगीच्या हालचालीवर हेही बरोबर, पण जमिनीतला कंप त्याला कळतो आणि हवेतले खालच्या पट्टीतले आवाजही काही प्रमाणात कळतात. तर जे पुस्तक "बाहेरचे कान नाहीत, पण..." असं म्हणून पुढं थोडं समजावतं, ते मी घेतो. ‘पण’ कुठं लावायचा हे ज्याला कळतं त्याने विषय खरंच वाचलेला असतो, असा माझा अनुभव आहे.

उत्तर बरोबर असलं म्हणजे चांगलं असतंच असं पण नाही बरं का. आकाश निळं का? "प्रकाशाच्या विकिरणामुळे." झालं उत्तर. पोराला एक नवीन शब्द मिळाला आणि प्रश्न तिथंच मेला. चांगलं पुस्तक सांगतं की सूर्याच्या उजेडात सगळे रंग असतात, हवेतल्या बारीक रेणूंवर आपटून निळा जास्त विखुरतो, तांबडा कमी, म्हणून वर बघितलं की सगळीकडून निळा येतो. आणि मग म्हणतं, करून बघ. आम्ही केलं. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात दुधाचे थोडे थेंब (कोल्हापुरात दुधाला काय तोटा), खोलीत अंधार, एका बाजूने मोबाईलची टॉर्च. बाजूने बघितलं तर पाणी निळसर दिसतं आणि टॉर्चच्या समोरून बघितलं तर पिवळट-नारिंगी, म्हणजे मावळतीचा रंग. पहिल्यांदा आमचं फसलं कारण मी अर्धी वाटी दूध ओतलं होतं, तेव्हा थेंब म्हणजे थेंबच.

भाषांतरित पुस्तकांबद्दल सावध राहा. ती वाईट नसतात, चित्रं तर लई भारी असतात, पण आतला निसर्ग दुसऱ्याच गावचा असतो. शरद ऋतूत झाडं लाल होतात आणि पानं गळतात, मग बर्फ पडतो, असं लिहिलेलं. आमचं पोरगं ऑक्टोबरात टाऊन हॉलच्या बागेत जाऊन पानगळ शोधत होतं आणि समोर सगळं हिरवंगार. तिकडं पानं गळतात ती थंडी येते आणि दिवस लहान होतो म्हणून. आपल्याकडं पळस, सावर ही झाडं हिवाळा संपता संपता पानं टाकतात, पुढं कोरडा काळ येतोय आणि पानांतून पाणी उडून जाईल म्हणून, आणि मग बिनपानांच्या फांद्यांवर फुलं येतात. असलं पुस्तक घेतलं तर पेन्सिलने बाजूला लिहून ठेवा, "आपल्याकडं जानेवारी-फेब्रुवारी, जोतिबाच्या रोडला बघणे". पुस्तकात लिहू नये असं आमच्या आईचं म्हणणं आहे, मी ते पाळत नाही.

वय आणि भाषा याचं फार टेन्शन घेऊ नका. पाच-सहा वर्षांच्या पोराला एका पानावर एक प्रश्न आणि मोठं चित्र, आठ-नऊला घरच्या घरी करायचे प्रयोग, अकरा-बाराला शास्त्रज्ञाने ते कसं शोधलं त्याची गोष्ट. एवढा अंदाज पुरे. इंग्रजी मिडियमच्या पोरांना मराठीतलं ‘प्रकाशसंश्लेषण’ झेपत नाही अशी तक्रार असते, माझी भाची तशीच. तिला मी मराठी पुस्तक वाचून दाखवतो आणि असा शब्द आला की शाळेतला शब्द तिनं सांगायचा, बदल्यात मी एक चिंच गोळी द्यायची. तिचं मराठी सुधारलं आणि दातांचं वाटोळं झालं.

पैसे घालवायच्या आधी फुकटचं संपवा. ‘किशोर’ मासिक बालभारती १९७१ पासून काढते, जुने अंक त्यांच्या साइटवर वाचायला मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवर मराठी गोष्टी चार लेव्हलमध्ये लावलेल्या आहेत, निसर्गाच्या भरपूर. अरविंद गुप्ता यांच्या साइटवर टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी आणि मराठी पुस्तकं दोन्ही आहेत. आई-बापाला स्वतःला उत्तर तपासायचं असेल तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, भाषा जड आहे पण आपण कुठं परीक्षा द्यायचीय. आणि गावात १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे की, पोराला बरोबर घेऊन जा आणि पुस्तक त्यालाच मागू दे. आपण मागितलं तर आपल्या आवडीचं येतं.

आता मुद्द्याचं. वहीतले निम्मे प्रश्न कुठल्याच पुस्तकात सापडणार नाहीत आणि तिथंच खरी मजा आहे. २०२१ च्या पुराच्या वेळचा आमच्या वहीच्या आधीचा एक प्रश्न आहे, पोराने नंतर आठवून लिहायला लावला. "पाऊस गगनबावड्याला जास्त पडतो मग पूर शिरोळला का येतो?" टीव्हीवर दिवसभर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी चालू, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, आणि याचा प्रश्न हा. एका पुस्तकात उत्तर नव्हतं. पण पावसाच्या पुस्तकात घाटाचं पान होतं, की समुद्रावरून आलेली ओली हवा डोंगराला अडते, वर चढते, थंड होते आणि तिथंच रिकामी होते, पुढं पूर्वेला जाईपर्यंत तिच्यात पाणी कमी राहतं. म्हणून गगनबावडा चिंब आणि शिरोळ त्यामानाने कोरडं. नदीच्या पुस्तकात दुसरं पान होतं, संगमाचं. मग जिल्ह्याचा नकाशा जमिनीवर पसरला आणि पोराने निळ्या स्केचपेनने गिरवत गिरवत आणलं, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, सगळ्या पंचगंगेत, आणि पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेत, आणि नरसोबावाडी कुठं तर शिरोळ तालुक्यात. पाऊस एकीकडं आणि पाणी दुसरीकडं. दोन पुस्तकांतली दोन पानं आणि एक नकाशा, असं जोडायची सवय लागली की घरात दहा पुस्तकं पन्नासचं काम करतात.

वाचायची पद्धत पण सांगून ठेवतो. उत्तराचं पान उघडायच्या आधी पोराचा अंदाज वहीत लिहून घ्यायचा, आपलाही लिहायचा, मग पान उघडायचं. माझा अंदाज चुकला की घरात जो आनंद होतो तो वाढदिवसाला पण होत नाही. आणि सीझन बघून पुस्तक बाहेर काढा. काजव्यांचं पुस्तक दिवाळीत वाचून उपयोग नाही, मे संपता संपता वाचा आणि राधानगरीकडं जाऊन झाडंच्या झाडं लुकलुकताना बघा. उडता उडता चमकतात ते बहुतेक नर असतात, मादीला बोलवायला, आणि त्या उजेडात उष्णता जवळपास नसतेच.

किरणोत्सवाचं उत्तर पण असंच मिळालं, पुस्तकाने अर्धं आणि रंकाळ्याने अर्धं. पुस्तकात होतं की सूर्य मावळायची जागा वर्षभर उत्तर-दक्षिण सरकत राहते आणि २१-२२ डिसेंबरला सगळ्यात दक्षिणेला जाऊन परत फिरते. मग ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर रविवारी रंकाळ्याच्या चौपाटीवर एकाच बाकावर बसायचं, समोरच्या काठावरची झाडं-इमारती वहीत काढून ठेवलेल्या, आणि सूर्य कुठल्या झाडामागं गेला तिथं टिंब. भेळेचा खर्च धरला तर पुस्तकापेक्षा महाग पडलं. टिंबं डावीकडं डावीकडं गेली, नाताळच्या आसपास थबकली आणि परत उजवीकडं यायला लागली. तेव्हा पोराने कॅलेंडर काढून किरणोत्सव सुरू व्हायच्या दोन तारखांपासून मोजलं, ९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४२ दिवस, आणि २१ डिसेंबर ते ३१ जानेवारी ४१ दिवस. जाताना एकदा आणि येताना एकदा सूर्य पश्चिमेच्या दाराच्या सरळ रेषेत येतो. देऊळ बांधणाऱ्यांनी हे बघितलं कसं असेल, हा लगेच पुढचा प्रश्न वहीत.

सध्या वहीत सगळ्यात वर आहे तो गुळाचा. काहिलीत (उसाचा रस उकळायची मोठी कढई) भेंडीचं पाणी का टाकतात? आज्जीचं म्हणणं गूळ स्वच्छ होतो. मी लिहिलंय की भेंडीचा चिकटा रसातली घाण धरून वर आणतो आणि मग ती मळी झाऱ्याने काढता येते. पोराचा अंदाज, चव येते. घरातल्या एकाही पुस्तकात भेंडीचा भ सुद्धा नाही, त्यामुळं पुढच्या रविवारी गुऱ्हाळावर चाललोय, वही आणि भिंग घेऊन. तुम्ही जाणार असाल तर पोराला काहिलीपासून लांब उभं करा आणि गुळव्याला काम चालू असताना काही विचारू नका, काहील उतरल्यावर विचारा.