राजवाड्याचे मजले भेदून पडणारा शिपाई

इंदूरच्या आमच्या उन्हाळी शिबिरात मुलांनी स्क्रॅचमध्ये (ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची मुलांची भाषा) खेळासाठी सात मजली राजवाडा उभारला. पण शिपायानं वरून उडी मारली की मधले मजले भेदून थेट तळाशी! ‘काकू, फरशी जाड करू?’ नको, राजवाड्याचं देखणेपण जातं.

कारण वेगात होतं. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे पडद्यावर ३० चित्रं. एका फ्रेममध्ये शिपाई २० पिक्सेल खाली आला, तर फरशी लागली का हे ओळखणारी त्याच्या पायाखालची बारीक पट्टी ८ पिक्सेलची फरशी न शिवताच ओलांडते. म्हणून ‘रिपीट’ या ठोकळ्यात, वेगाच्या आकड्याइतक्या वेळा, एकेक पिक्सेल सरकवून दर वेळी फरशीच्या रंगाला स्पर्श झाला का ते तपासलं, झाला की एक पिक्सेल वर, वेग शून्य. हे स्वतंत्र ब्लॉकमध्ये ठेवून ‘रन विदाउट स्क्रीन रिफ्रेश’ निवडायचं, नाहीतर हालचाल रखडते. आणि पडताना वेग ऋण असतो. आधी निरपेक्ष मूल्य (ऋण चिन्ह काढलेला आकडा) घ्या, नाहीतर ‘रिपीट’ एकदाही फिरत नाही.