खिशातला टॉर्च फडफडतोय? फेकायच्या आधी एवढं करून बघा

आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात रात्री टॉर्चशिवाय कोणी अंगणात पाय टाकत नाही, पायरीखाली फुरसं बसलेलं असेल तर कळणारही नाही, आणि नेमका तेव्हाच हा टॉर्च लुकलुकायला लागतो. दोन थपडा मारल्या की लागतो, चार पावलं गेलं की परत विझतो. आता ह्या थपडेने लागण्यातच उत्तर आहे बरं का, बहुतेक वेळा एलईडी ठणठणीत असतो, कुठेतरी करंटचा रस्ता तुटतोय आणि जोडतोय एवढंच.

मी बोलतोय तो हल्ली सगळ्यांकडे असतो तो, अ‍ॅल्युमिनियमची नळी, मागे रबरी बटण, आत एक साधा एए सेल किंवा १८६५० नावाचा चार्जिंगचा जाडा लिथियम सेल.

आधी फडफड कसली आहे ते ओळखा. एका लयीत, टकटकटक होत असेल तर तो बिघाड नसून मोड असतो. आमच्या शेजारचे काका एकदा वैतागून टॉर्च घेऊन आले, "हा नुसता नाचतोय रे" म्हणाले, मी बटण अर्धवट दाबलं आणि मोड बदलला, संपलं काम. चहा पिऊन गेले. काही टॉर्च सेल उतरला की मुद्दाम दर थोड्या वेळाने मिचकावतात, तोही इशाराच. आणि फक्त मंद मोडमध्ये डोळ्याला बारीक थरथर जाणवते, मोबाईलच्या कॅमेऱ्यात पट्टे दिसतात, तर ती त्याची प्रकाश कमी करायची पद्धतच आहे, एलईडी सेकंदाला खूप वेळा बंद-चालू करतात, त्याला काही करू नका. पण फडफड वेडीवाकडी असेल, हलवलं की वाढत असेल किंवा हलवल्यावर आपोआप मोड बदलत असेल, तर कॉन्टॅक्ट ढिला आहे. मोड बदलतो कारण करंट क्षणभर तुटला की टॉर्चला वाटतं तुम्ही बटण दाबलंत.

मग सेल बदलून बघा. नवा, चांगला अल्कलाइन किंवा पूर्ण चार्ज केलेला. घड्याळातला सेल काढून टाकू नका, घड्याळ करंट इतका कमी खातं की अर्धमेला सेलही तिथे वर्षभर चालतो, एक सेलचा झगझगीत टॉर्च मात्र एक अँपिअर, कधी त्याहून जास्त ओढतो आणि तो सेल लगेच मान टाकतो. मल्टीमीटरवर १.४ व्होल्ट दाखवतोय म्हणून सेल चांगला असंही नाही, लोड आला की खाली बसतो. चार्जिंगचा एए सेल १.२ च्या आसपास दाखवतो, तो तसाच असतो. लिथियमचा भरला की ४.२ आणि ३ च्या खाली गेला की रिकामा समजा.

इथे एक इशारा, एएच्याच मापाचा १४५०० नावाचा लिथियम सेल मिळतो, दिसतो अगदी तसाच पण देतो ३.७ व्होल्ट. टॉर्चवर तसं लिहिलेलं नसेल तर घालू नका, आतलं सर्किट जळू शकतं. आणि १८६५० मध्ये काही सेलांचं डोकं सपाट असतं, काहींना वर टिकली असते. सपाटवाला काही टॉर्चमध्ये पुढे नीट टेकतच नाही, मग माणूस उगाच स्विच बदलत बसतो.

सेलला पाणी सुटलं असेल, म्हणजे आत पांढरी खरपुडी दिसत असेल, तर अल्कलाइनच्या बाबतीत ती अल्कली असते. काडीला कापूस गुंडाळून थोडा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावा, जरा फसफसेल, मग ओल्या कापसाने पुसून पूर्ण वाळवा. हात डोळ्याला लावू नका.

आता साफसफाई, आणि निम्मे टॉर्च इथेच बरे होतात. टॉर्चची नळी हीच एक वायर असते, मायनसचा करंट मागच्या झाकणातून नळीत आणि नळीतून पुढे डोक्यात, म्हणजे एलईडी आणि काचेच्या भागात जातो. पण बाहेरचा काळा थर अ‍ॅनोडायझिंगचा असतो, त्यातून करंट जात नाही. जातो तो नळीच्या टोकाच्या चकचकीत कडेतून, आणि काही टॉर्चमध्ये उघड्या आट्यांमधूनही. त्या कडेवर काळपट चिकटा बसला की फडफड सुरू. मोबाईल रिपेअरवाल्याकडे मिळतं ते आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, इअरबडवर घेऊन कड, आटे, स्प्रिंगचं टोक आणि सेलची दोन्ही टोकं पुसा, इअरबड काळाकुट्ट निघेल. आयपीए नसेल तर शाळेतलं साधं खोडरबर कडेवर घासा, चालतं. पॉलिश पेपर स्प्रिंगवर नको, वरचा मुलामा निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज येतो. शेवटी रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा नावाला एक बोट.

तरी फडफडतोय? मग ही टेस्ट करा, मला सगळ्यात आवडते कारण तिच्यात अंदाजपंचे काही नाही. मागचं झाकण काढून बाजूला ठेवा, सेल आतच. चार बोटं तांब्याची वायर घ्या, दोन्ही टोकं सोला, एक टोक सेलच्या बुडावर आणि दुसरं नळीच्या त्या चकचकीत कडेवर टेकवा. अंगठ्याने सेल आत दाबून धरायला लागतो, नाहीतर पुढची स्प्रिंग त्याला बाहेर ढकलते आणि तुम्हाला वाटतं टेस्टच फसली. आता टॉर्च स्थिर लागला तर दुखणं झाकणात. अजून फडफडला तर डोक्यात.

झाकणात असेल तर आत बघा, स्प्रिंगच्या भोवती एक रिंग असते आणि तिला समोरासमोर दोन बारीक खाचा. स्विचला ती दाबून धरते, आणि टॉर्च दोन-चार वेळा पडला की सैल होते. माझा टॉर्च महिनाभर छळत होता तो ह्याच रिंगेमुळे, अर्धा फेरा फिरवली आणि आजतागायत गप्प आहे. चिमट्याची दोन टोकं त्या खाचांत घाला, चिमटा नसेल तर मुलांच्या कंपासपेटीतलं कर्कटक घ्या, आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळा. हळू, घसरलं तर स्प्रिंग वाकते. स्प्रिंग दबून बसली असेल तर दोन मिलिमीटर ओढून वर घ्या. हे करूनही झाकण लावल्यावर फडफडत असेल तर स्विच गेला, जुना खिशात घालूनच दुकानात जा कारण मापं वेगवेगळी असतात, पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधा.

सेलच्या मागे चॉकलेटची चांदी कोंबायचा गावठी उपाय सगळ्यांना माहीत आहे. साध्या सेलला रात्रीपुरतं ठीक, लिथियमला अजिबात नको, चांदी सरकून प्लसला आणि कडेला एकदम लागली तर शॉर्ट होऊन सेल तापतो. लिथियम सेलचं वरचं प्लास्टिक फाटलं असेल तरी तोच धोका.

डोक्यात दोष निघाला तर आधी डोकं घट्ट आवळा, बऱ्याचदा तेच अर्धवट सुटलेलं असतं. आतही तशीच खाचांची रिंग असेल तर तीही आवळा. काचेच्या आत बाष्प दिसत असेल तर सेल काढून, उघडून, तांदळाच्या डब्यात वगैरे न ठेवता सरळ पंख्याखाली दोन दिवस ठेवा. त्यानंतरही फडफडला तर टाका निघालाय किंवा सर्किट गेलंय, सोल्डरिंग येत असेल तरच पुढे जा. स्वस्तातली डोकी गमने चिकटवलेली असतात, ती उघडायच्या नादात मी दोन काचा फोडल्यात.