रात्री अकराच्या "रेट काय?"ला उत्तर फोनलाच देऊ द्या

घरून एकटीने केकच्या ऑर्डरी घेणाऱ्यांचा जीव ओव्हनपेक्षा रात्रीच्या मेसेजनी जास्त मेटाकुटीला येतो. उपाय फुकटचा आहे.

१. व्हॉट्सॲप बिझनेस या धंद्यासाठीच्या वेगळ्या ॲपच्या प्रोफाइलवर कामाची वेळ भरा. आठवड्याची सुट्टीही टाका, ती लाजून वगळू नका.

२. 'अवे मेसेज', म्हणजे आपोआप जाणारं उत्तर, चालू करा आणि तो कामाच्या वेळेबाहेर जाईल असं निवडा. मजकूर नेमका हवा: "ऑर्डरी सकाळी १० नंतर बघते. तारीख, वजन, फ्लेवर आणि केकवरचं नाव लिहून ठेवा." सकाळची बरीचशी विचारपूस इथेच टळते.

३. रेटकार्ड 'क्विक रिप्लाय'मध्ये, म्हणजे शॉर्टकटने पाठवता येणाऱ्या तयार उत्तरांमध्ये, साठवा.

फोनचं इंटरनेट बंद असेल तर अवे मेसेज जात नाही. म्हणून रात्री नेट चालू ठेवा, नोटिफिकेशन तेवढं बंद करा.