बंद पडलेली टंगस्टनची खाण बाहेरूनच कशी वाचावी

लहानशी टंगस्टन खाण समजून घ्यायला आत शिरावं लागत नाही, आणि शिरूही नये. आत काय खोदलं याची बरीचशी साक्ष बोगद्याच्या तोंडाशी टाकलेला दगडांचा ढिगारा देतो.

आधी खडक बघा. पांढरी गारगोटी, ग्रॅनाइट आणि चंदेरी अभ्रकाने भरलेला करडा ग्रायझेन खडक दिसला, तर ही शिरांची खाण. ग्रॅनाइटच्या माथ्यातून वर आलेल्या गरम द्रवांनी भेगांमध्ये गारगोटीसोबत टंगस्टन सोडलेलं असतं. इथे वुल्फ्रमाइट हे टंगस्टनचं खनिज शोधायचं. तपकिरी गार्नेट, हिरवट पायरॉक्सिन आणि संगमरवर एकत्र मिळाले, तर ग्रॅनाइट चुनखडीला भिडून स्कार्न नावाचा खडक तयार झालाय. तिथलं टंगस्टनचं खनिज शीलाइट. ते फिकट असतं, दिवसा शेजारच्या गारगोटीतून वेगळं काढणं अवघड.

वुल्फ्रमाइट काळं, पात्यांसारखं, गारगोटीत रुतलेलं असतं. नवखे हमखास तुरमली या तशाच काळ्या दिसणाऱ्या खनिजाला फसतात. वुल्फ्रमाइट एका दिशेने सपाट, चकचकीत फुटतं, त्यावर चाकूचा ओरखडा उठतो आणि बिनझिलईच्या चिनीमातीवर घासलं तर तांबूस तपकिरी ते काळपट कस येतो. तुरमलीच्या कांडीवर उभ्या रेघा असतात, आडवा छेद फुगीर त्रिकोणी दिसतो आणि चाकू नुसता घसरतो. कथिलाचं कॅसिटेराइट तितकंच जड लागतं, पण त्यावरही चाकू चालत नाही आणि कस फिका येतो.

शंका उरलीच तर वजन करा. तुकडा हवेत तोला, मग दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवून तोला. हवेत 210 ग्रॅम आणि पाण्यात 150 ग्रॅम भरलं, तर 210 भागिले 60, म्हणजे घनता 3.5. गारगोटीची 2.65 आणि वुल्फ्रमाइटची साधारण 7.2 धरली, तर या तुकड्यात वजनाने सुमारे 38 टक्के वुल्फ्रमाइट आहे. मात्र त्यात गंधकी खनिजं मिसळलेली असली तर हा हिशोब फुगतो.

शीलाइटसाठी 254 नॅनोमीटरचा, म्हणजे आखूड लहरींचा अतिनील दिवा लागतो. बाजारातले बरेच स्वस्त दिवे 365 किंवा 395 चे असतात; त्यांखाली शीलाइट बहुधा मुकंच राहतं. अंधारात निळसर पांढरा उजेड फेकणारे कण शोधा. मॉलिब्डेनम मिसळलं असेल तर तो पिवळसर होतो. मग दिवा आणि दगड यांच्यामध्ये साधी खिडकीची काच धरा. काच 254 अडवते, त्यामुळे शीलाइट विझतं. लांब लहरींनी उजळणारं फ्लोराइट चमकतच राहतं. हायड्रोझिंकाइटही निळसर पांढरं चमकतं, पण ते मऊ पापुद्र्यासारखं असतं आणि नखाने निघतं. डोळ्यांवर अतिनील अडवणारा चष्मा हवाच.

आता ढिगाऱ्याचा आकार. दोन मीटर उंच, दीड मीटर रुंद बोगद्याच्या प्रत्येक मीटरमागे 3 घनमीटर खडक निघतो आणि फुटल्यावर तो फुगून साधारण साडेचार होतो. म्हणजे 450 घनमीटरचा ढीग म्हणजे अंदाजे 100 मीटर खोदकाम. गाड्या ढिगाच्या टोकावर रिकाम्या होत, त्यामुळे तोंडाजवळचा दगड सर्वांत जुना आणि बाहेरच्या उतारावरचा शेवटचा. त्या शेवटच्या दगडात गारगोटीच नसेल, तर शीर हातची गेल्यावर काम थांबलं असण्याची शक्यता दाट.

डोंगरावरचे खड्डे एका रेषेत असतील तर शिरेची दिशा तीच. पण त्या रेषेवर पाय ठेवू नका: खालून वर खोदत आणलेल्या पोकळीवर कधीकधी हातभर मातीच उरलेली असते. आतली तळजमीनही अशीच फसवी, कुजलेल्या फळ्यांवर दगडचुरा पसरलेला आणि खाली पाण्याने भरलेली विहीर. गंधकी खनिजं नि लाकूड हवेतला प्राणवायू खातात. दिवा व्यवस्थित जळतोय म्हणून हवा चांगली, असं धरू नये.

चंदेरी पांढरा दगड फोडल्यावर लसणाचा वास आला तर ते आर्सेनोपायराइट, म्हणजे आर्सेनिक. हातमोजे घाला, धूळ उडवू नका, तिथलं पाणी पिऊ नका.

खाली खनिज दळणाऱ्या गिरणीचा बारीक गाळ सापडला तर ओंजळभर थाळीत घेऊन रोवळून बघा. वुल्फ्रमाइट आणि शीलाइट दोन्ही ठिसूळ. जास्त दळली की पीठ होऊन पाण्याबरोबर वाहून जातात. त्यामुळे जाड वाळूपेक्षा बारीक गाळातच अतिनील दिव्याखाली शीलाइटचे जास्त ठिपके उजळतात.