जिंकलेला डाव बरोबरीत सुटतो तो इथे: या चुका टाळा

बुद्धिबळ स्पर्धेत एक वजीर जास्त असलेला खेळाडू बरोबरीचा अर्धा गुण घेऊन उठला, तर तो सहसा ओपनिंगमुळे (डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांमुळे) नाही, शेवटच्या दहा खेळ्यांमुळे.

पहिला सापळा स्टेलमेटचा, म्हणजे राजाला शह नाही पण कायदेशीर चालही नाही अशा स्थितीचा. एकटा राजा कडेला रेटताना वजीर त्याच्यापासून घोड्याच्या उडीइतक्या अंतरावर ठेवायचा, ही पद्धत उत्तम. पण कोपऱ्यात तीच घात करते. काळा राजा जी८ (जी ही उभी पट्टी, ८ ही आडवी ओळ), पांढरा वजीर ई७. राजा एच८ वर सरकला आणि सवयीने वजीर एफ७ वर आला, की काळ्याला शह नाही आणि चालही नाही. डाव बरोबरीत. वजीर ई७ वरच राहू द्या. काळा राजा जी८-एच८ करत बसेल, तोवर आपला राजा एफ६ वर आणा आणि जी७ वर मात द्या.

एक प्यादं वर असाल तर मोहऱ्यांची मारामारी (एकमेकांची मोहरी मारून अदलाबदल) करा, प्याद्यांची नको. अपवाद लक्षात ठेवा: पांढऱ्याकडे फक्त एच-पट्टीचं प्यादं आणि पांढऱ्या घरांचा उंट उरला, तर एच८ गाठलेला काळा राजा तिथून हलवता येत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. त्या घराचा रंग काळा आहे, म्हणून उंट तिथे पोहोचत नाही.

तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरीचा दावा करता येतो, पण तो करताना तर भलेभले चुकतात. तीच स्थिती तिसऱ्यांदा तुमच्या खेळीने येणार असेल, तर ती पटावर खेळू नका. स्कोअरशीटवर (खेळ्या नोंदवायच्या कागदावर) लिहा, घड्याळ थांबवा, पंचांना बोलवा. (एरवी खेळी आधी लिहायला मनाई आहे.) मोहऱ्याला हात लागला की त्या खेळीपुरता हक्क गेला. तिन्ही वेळा चाल त्याच खेळाडूची हवी, किल्लेकोटाचे (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवण्याचे) हक्कही तेच हवेत. स्थिती लागोपाठ यायला हवी असं मात्र नाही. दावा चुकला तर प्रतिस्पर्ध्याला २ मिनिटं मिळतात. घड्याळात कमी वेळ असेल तेव्हा हेही मोजा.

बढतीच्या वेळी, म्हणजे प्यादं शेवटच्या ओळीत पोहोचून वजीर होताना, वजीर हाताशी नसेल, तर हत्ती उलटा ठेवू नका: नियमाने तो हत्तीच. घड्याळ थांबवून पंचांकडे वजीर मागा. प्यादं तसंच ठेवून घड्याळ दाबलं तर ती बेकायदा खेळी. पहिल्या वेळी प्रतिस्पर्ध्याला २ मिनिटं मिळतात, दुसऱ्या वेळी डाव जातो.