पडदा लावण्याआधी: वर्गात तंत्रज्ञान वापरताना या चुका टाळा

शाळेत टीव्ही नाही, प्रोजेक्टर नाही, ही तक्रार सोलापूर जिल्ह्यात आता पूर्वीइतकी ऐकू येत नाही. कुठे गावानं लोकवर्गणी काढली, कुठे ग्रामपंचायतीनं पैसे घातले, कुठे शिक्षकानं स्वतःच्या पगारातून स्पीकर आणला. आता ऐकू येते ती तक्रार वेगळी आहे: "सर, सगळं दाखवलं, तरी पोरांना येईना." अशा वर्गात मागच्या बाकावर बसून तास बघितला की पहिल्या दहा मिनिटांत कारण कळतं. बहुतेक ठिकाणी ते एकच असतं. पाठ काय घ्यायचा हे ठरण्याआधीच व्हिडिओ कुठला दाखवायचा हे ठरलेलं असतं.

आधी पीपीटी, मग पाठ

शिक्षण परिषदेत नवे शिक्षक विचारतात, "अपूर्णांकावर चांगली पीपीटी आहे का? ग्रुपवर टाका ना." मी विचारतो, तास संपल्यावर मुलानं काय करून दाखवायला पाहिजे? बऱ्याचदा उत्तर येतं, "अपूर्णांक." पण हे धड्याचं नाव झालं. मुलाला काय आलं पाहिजे, ते यात कुठेच नाही.

अक्कलकोटकडच्या एका शाळेत पाचवीचा तास बघत होतो. पीपीटी देखणी होती. पिझ्झा कापला जायचा, तुकडे फिरत फिरत बाजूला जायचे, मागे संगीत. प्रत्येक स्लाइडनंतर सर विचारायचे, "कळलं का?" आणि सगळा वर्ग एका सुरात "हो ऽ ऽ". तास संपता संपता मी पुढच्या रांगेतल्या एका मुलीला विचारलं, एक छेद तीन मोठा की एक छेद चार? ती क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, "एक छेद चार. चार मोठा असतो ना." मग वर्गाला हात वर करायला सांगितले. जवळजवळ सगळे तिच्याच बाजूचे निघाले.

आम्ही टीव्ही बंद केला. रद्दीतल्या वर्तमानपत्राच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या फाडल्या आणि मुलांना म्हटलं, एका पट्टीचे चार सारखे भाग करा, दुसरीचे तीन. चार भाग पटकन झाले. तीन भागांना मात्र वेळ लागला, कारण तिथे अर्ध्याचं अर्धं करून चालत नाही. पोरं घडी घालायची, उलगडायची, पुन्हा घालायची. थोड्या वेळानं तीच मुलगी शेजारणीला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली आणि मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "भाग जास्त केले की तुकडा बारीक होतो."

टीव्हीची खरी गरज त्यानंतर पडली. एका मुलानं तीन भाग केले होते, पण त्यातला एक चांगलाच रुंद होता. सरांनी आपल्या मोबाइलचा कॅमेरा टीव्हीवर घेतला, ती पट्टी सगळ्यांना मोठी करून दाखवली आणि विचारलं, यातला हा एक तुकडा म्हणजे एक छेद तीन का? त्यावर मुलं जी भांडली, ते भांडण कुठल्याही तयार पीपीटीत मिळणार नाही. ज्यांच्याकडे फक्त एक मोबाइल आणि टीव्ही आहे त्यांनी मुलांचं काम पडद्यावर आणण्यासाठीच तो वापरावा, असं माझं ठाम मत आहे.

माझी सवय साधी आहे. वहीच्या पानावर तीन ओळी लिहायच्या. तास संपल्यावर मूल काय करून दाखवेल. ते मी कशावरून ओळखेन. त्यासाठी मुलांनी काय केलं पाहिजे. या तिसऱ्या ओळीनंतरच टीव्हीचा विचार करायचा, आणि बऱ्याच तासांना तो लागतच नाही. पाठाची आखणी शेवटाकडून करण्याची ही पद्धत ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय या अमेरिकी अभ्यासकांनी १९९८ मध्ये सविस्तर मांडली. आपल्याकडे तर पहिली ओळ आयतीच मिळते. एनसीईआरटी या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१७ मध्ये अध्ययन निष्पत्ती, म्हणजे कुठल्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं याच्या याद्या, दिल्या. पण त्या टाचणवहीत, म्हणजे पाठाची तयारी लिहायच्या वहीत, उतरवल्या जातात आणि तिथेच राहतात.

"कळलं का?" हा प्रश्न विचारणं

विचारूच नका. प्रश्न घाला, उत्तर पाटीवर लिहायला सांगा आणि सगळ्यांना पाट्या एकदम वर करायला लावा. कोण चुकलं ते दहा सेकंदांत दिसतं. टॅब असेल तर टॅबवर करा, पण पाटीला चार्जिंग लागत नाही. आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-अभ्यासक. त्यांनी १९७० च्या दशकात वर्गांचं निरीक्षण करून दाखवलं की शिक्षक उत्तरासाठी सरासरी एखादा सेकंदच थांबतात. हाच वेळ तीन सेकंद किंवा जास्त केला की उत्तरं लांब आणि विचार केलेली येतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. व्हिडिओ तर एक सेकंदही थांबत नाही. तो मध्येच थांबवण्याचं बटण तुमच्या हातात आहे, ते वापरा.

कुठलाही व्हिडिओ, कुठल्याही गावाला

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

एका शाळेत सावलीवर पाठ चालला होता. जूनचा शेवट, शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झालेले. टीव्हीवर परदेशात तयार झालेला आणि मराठीत आवाज दिलेला व्हिडिओ. त्यात सांगितलं, दुपारी सावली सर्वांत लहान असते आणि ती उत्तरेकडे पडते. खिडकीजवळचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आपल्या झेंड्याच्या खांबाची तर तिकडं पडतीय," आणि त्यानं दक्षिणेकडे बोट केलं. शिक्षक म्हणाले, "खाली बस. व्हिडिओत सांगितलं ते लिही."

बरोबर होता तो मुलगा.

सोलापूर साधारण १७.७ उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरंच दक्षिणेला. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर मध्यान्ही आपल्या बरोब्बर डोक्यावर येतो, आणि ऑगस्टच्या सुरुवातीच्या आसपास पुन्हा एकदा. या दोन तारखांच्या मधल्या काळात मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. २१ जूनला एक मीटर उभ्या काठीची मध्यान्हीची सावली दक्षिणेला साधारण १० सेंटिमीटर असते. वीस फुटी खांबाची झाली दोन फूट, म्हणजे लहान मुलालाही लांबून दिसेल एवढी. तीच काठी २२ डिसेंबरला उत्तरेकडे सुमारे ८७ सेंटिमीटर सावली टाकते. लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या मुलाला हे कधीच बघायला मिळत नाही, कारण तिथे मध्यान्हीची सावली वर्षभर उत्तरेलाच पडते. त्यांचा व्हिडिओ त्यांच्यापुरता खरा आहे.

त्या दिवशी त्या वर्गाला बाहेर न्यायला फार तर पाच मिनिटं लागली असती. साडेअकरापासून दर अर्ध्या तासाला सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवायचा आणि एकाच जागेवरून मोबाइलनं फोटो काढायचा. सर्वांत लहान सावली बारा वाजता मिळत नाही, हेही मुलांच्याच लक्षात येतं. जूनच्या शेवटी सोलापुरात ती साडेबाराच्या आसपास मिळते, कारण आपलं घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशावर चालतं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत. मग वर्गात येऊन फोटो टीव्हीवर ओळीनं लावायचे. त्यानंतर स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर उघडायचं, ठिकाण सोलापूर ठेवायचं, तारीख डिसेंबरवर न्यायची आणि आज मैदानात जे दिसलं नाही ते दाखवायचं. हे सॉफ्टवेअर एकदा संगणकात घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. पडद्यानं हे काम करावं. जे खिडकीतून दिसतंय ते झाकायला तो नाही.

मी कुठलाही व्हिडिओ दाखवण्याआधी आवाज बंद करून एकदा पूर्ण बघतो आणि स्वतःला विचारतो, यातलं काय आमच्या गावात खोटं ठरेल? वेळ नाही, असं सांगणाऱ्यांनी व्हिडिओ दाखवूच नये.

घरची भाषा विसरणं

परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ हा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी पाठ्यपुस्तकांत आणलेला क्यूआर कोड सगळ्यांच्या तोंडी आला. पुरस्कार देताना क्यूआर कोडच्या बरोबरीनं आणखी एक गोष्ट सांगितली गेली होती: त्यांनी पाठ्यपुस्तकांतला मजकूर मुलांच्या मातृभाषेत, म्हणजे कन्नडमध्ये आणला. अनुकरण करणाऱ्यांनी कोड घेतले आणि भाषा सोडून दिली. आपल्या सोलापूर शहराच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी मुलं आहेत, दक्षिण सोलापूर-अक्कलकोटला कन्नड, कित्येक घरांत उर्दू. झपाट्यानं बोलणारा पुस्तकी मराठी आवाज या मुलांच्या डोक्यावरून जातो. आवाज बंद करा आणि चित्रावर तुम्ही बोला, त्यांच्या दोन-चार शब्दांसह. शब्द येत नसतील तर वर्गातल्या मुलांना विचारा, ती आनंदानं शिकवतात.

स्लाइडवरचं वाचून दाखवणं

लिहिलेलं तेच मोठ्यानं वाचलं की मूल ना नीट वाचतं ना नीट ऐकतं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचे यावरचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. स्लाइडवर चित्र ठेवा, बोलायचं ते तोंडानं बोला.

यंत्राच्या चुका

या टाळायला अक्कल कमी आणि आदल्या दिवशीची पंधरा मिनिटं जास्त लागतात.

कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पीपीटी दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी भलतंच काही दिसतं. कुठल्याही संगणकावर सारखं दिसणाऱ्या युनिकोडमध्ये टाइप करा, आणि तरीही पीडीएफ करूनच न्या.

पेनड्राइव्ह टीव्हीला दिसत नसेल तर तो बहुतेक एनटीएफएस किंवा एक्सफॅट या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो. जुन्या टीव्हींना फॅट३२ लागतं, पण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. व्हिडिओ एमपीफोर ठेवला की सहसा अडत नाही.

लॅपटॉप जोडला आणि पडद्यावर काहीच नाही? विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा, "डुप्लिकेट" निवडा. चित्र आलं पण आवाज नाही, तर आवाज एचडीएमआयमधून टीव्हीकडे किंवा प्रोजेक्टरकडे गेलेला असतो. खाली कोपऱ्यातल्या स्पीकरच्या खुणेवर जाऊन बदला.

दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर वापर झाल्या झाल्या मेन स्विच बंद करू नका, आतला पंखा थांबेपर्यंत वाट बघा. आपल्याकडच्या धुळीत त्याची जाळी महिन्यातून एकदा तरी झटकावीच लागते. नाहीतर तो तापून मध्येच बंद पडतो आणि सगळे लाइटला दोष देतात.

वर्गातल्या नेटवर विसंबू नका. जे दाखवायचं ते घरून उतरवून आणा. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट (PhET) या प्रकल्पाची विज्ञान-गणिताची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायचे प्रयोगसुद्धा उतरवून घेता येतात, आणि त्यातली बरीच मराठीत आहेत.

पिवळी अक्षरं पांढऱ्यावर नकोत. शेवटच्या बाकावर बसून स्वतः वाचून बघा.

आयतं टाचण

आता काही जण एआयकडून टाचण लिहून घेतात. मसुदा म्हणून घ्या, माझी हरकत नाही. पण तुमच्या वर्गातल्या कुठल्या चार मुलांना अजून हातचा घेऊन बेरीज जमत नाही, हे त्याला ठाऊक नाही. ते ठाऊक असणाऱ्या माणसानं एक तास बसून टाचण लिहिलं, तर त्या चार मुलांसाठी वेगळं काय करायचं हेही त्यात येतं. नव्या शिक्षकांना हा एक तास नको असतो. पहिल्या दोन वर्षांत तरी तो चुकवू नका. टाचण हातानं लिहा, तास झाल्यावर समासात नोंद करा की मुलं कुठे अडली, आणि पुढच्या वर्षी तोच पाठ घेण्याआधी ती नोंद वाचा.